अकरा नावं, एक नंबर

हे लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. टाळायला कारणं मिळत गेली. आधी नोकरी होती, मग मालक हयात होते, मग बायको म्हणाली, आता कशाला उकरून काढताय. आता नोकरी नाही, मालक नाहीत, आणि या वेळी मी बायकोला विचारलेलं नाही. ज्यांच्याविषयी लिहितोय तेही गेले. त्यांचं नाव मी इथं देणार नाही. एकदा ते एका कागदावर माझ्या सहीच्या वर टाईप झालं होतं, तेवढं पुरे आहे.

ऑफिसात त्यांना सगळे पीपी म्हणत. नव्वदीच्या त्या वर्षांत फोन घरोघर नव्हते. लग्नपत्रिकेवर, दुकानाच्या पाटीवर नंबराच्या शेजारी 'पीपी' लिहिलेलं असायचं. म्हणजे फोन शेजाऱ्याचा आहे, तिथं करा, ते बोलावून देतील. आमचा हा माणूस पूर्वी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये रोजंदारीवर ऑपरेटर होता. एक्स्चेंज आपोआप चालायला लागलं तेव्हा यांना घरी पाठवलं. पीपी म्हणजे 'पर्टिक्युलर पर्सन', ठरावीक माणूस, असं ते प्रत्येक नव्या माणसाला एकदा तरी सांगत. "नंबर दाराचा असतो साहेब. आपल्याला माणूस पाहिजे असतो."

आमचा नगरजवळ, नागापूरच्या एमआयडीसीत लहानसा कारखाना होता. घरगुती पिठाच्या गिरण्या बनवायचो. कपाटाएवढ्या, एका खोलीत बसणाऱ्या, घरच्या विजेवर चालणाऱ्या. मी विक्री विभाग पाहत होतो. जिल्ह्यात कुठं प्रदर्शन भरलं की आम्ही तंबूत एक गिरणी चालू ठेवायचो आणि येणाऱ्या बायकांकडून कूपन भरून घ्यायचो: नाव, गाव, फोन. सोडतीत एक मिक्सर. खरी कमाई मिक्सर देण्यात नव्हती, कूपनात होती. ती कूपनं ऑफिसात आली की त्या बायकांना फोन करायचे, गिरणी घेणार का विचारायचं, हे पीपींचं काम.

त्यांनी कूपनांची कार्डं केली होती आणि कार्डं बुटांच्या खोक्यांत लावली होती. मी पहिल्यांदा ती खोकी पाहिली तेव्हा मला वाटलं, तालुक्यांप्रमाणे लावली असतील. तसं काही नव्हतं. पहिलं खोकं, घरचा फोन. दुसरं, कचेरीचा किंवा शाळेचा. तिसरं, पीपी. चौथ्यावर लिहिलं होतं 'बिनफोन', त्यांना पोस्टकार्ड जायचं. पुढं तिसऱ्या खोक्याची दोन झाली. एकावर 'प्रेमाचा पीपी', दुसऱ्यावर 'रागाचा पीपी'.

"हे काय?"

"ज्याच्या घरी फोन आहे तो आनंदानं हाक मारतो का कुरकुरतो, त्यावर आहे सगळं. कुरकुरत बोलावलेली बाई धावत येते आणि घाईत 'नको' म्हणून जाते. गिरणी नको असते म्हणून नव्हे. शेजारीण तोंडाकडं बघत उभी असते म्हणून."

कार्डाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत ते आणखी बरंच लिहीत. फोन कोण उचलतं. बोलवायला किती वेळ लागतो: 'तीन घरं पलीकडे, चार मिनिटं', 'विहिरीच्या अंगाला, अकरा मिनिटं'. तेवढी मिनिटं ते फोन ठेवून द्यायचे, घड्याळ पाहत बसायचे आणि बरोबर त्या वेळेला पुन्हा लावायचे. आणि एका ओळीत, नमस्कार कोणता: राम राम, सलाम, जय भीम, जय जिनेंद्र. ते स्वतः जय भीमवाले, पाथर्डी तालुक्यातले. पण समोरच्याच्या उंबऱ्यावर समोरच्याचा शब्द, असा त्यांचा नियम होता.

उंबऱ्याचं सांगायचं तर ते फोन करायच्या आधी चपला काढत. टेबलाखाली नव्हे, खोलीच्या दाराबाहेर. पहिल्या आठवड्यात मी हसलो. ते म्हणाले, "हसा. पण मी आता एका परक्या घरात जाऊन 'तुमच्या शेजारणीला बोलवा' म्हणणार आहे. चपला घालून सांगितलं तर आवाजात येतं ते." दिवाळीला शुभेच्छापत्रं जायची ती गिऱ्हाइकांना नाही, फोनच्या मालकांना. आमच्या मालकांनी, शेठनी, एकदा विचारलं, ह्या लोकांनी आपल्याकडून काय घेतलंय? पीपी म्हणाले, "आपण त्यांच्याकडून घेतलंय, शेठ."

पारनेरकडच्या एका गावात एक निवृत्त सुभेदार होते. रागाच्या खोक्यातलं पहिलं कार्ड त्यांच्या शेजारणीचं. एकदा मी शेजारीच बसलो होतो. पलीकडून आवाज असा की रिसीव्हर कानाला लावायची गरज नव्हती.

"मी काय तुमचा शिपाई हाय व्हय? बिल मी भरायचं अन् गावभर हाका बी मीच मारायच्या?"

"राम राम सुभेदारसाहेब. आज कुणाला हाक मारायची नाही. गुडघा कसा आहे, एवढंच विचारायला केला."

पलीकडचा आवाज उतरला. मग, "गुडघ्याचं कुनी सांगितलं तुमाला?"

"तुम्हीच. मागच्या महिन्यात म्हणालात, गुडघा धरलाय, मी नाही जात कुणाला बोलवायला."

"आसं व्हय. बरा हाय आता. करा की मग काम. कुनाला बोलवू?"

"नको, नको. नीट बरा होऊ द्या. पुढच्या महिन्यात करतो."

फोन ठेवला. मी कपाळावर हात मारला. "अहो, ते बोलवत होते ना!"

"बोलवत होते. पण अजून रागाच्या खोक्यात आहेत. जरा इकडं येऊ द्या." त्यांनी ते कार्ड उचलून प्रेमाच्या खोक्याच्या काठावर आडवं ठेवलं. महिन्याभरानं सुभेदार त्या शेजारणीला आणि तिच्या नवऱ्याला घेऊन एसटीनं स्वतः आले, गिरणी चालवून पाहिली, आवाज जास्त आहे म्हणून मला झापलं आणि दोन गिरण्या सांगून गेले. एक शेजारणीची, एक स्वतःची. पीपींनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. असा विजय झाला की ते पाहत नसत, फक्त शर्टाच्या बाह्या एक घडी वर करत.

त्यांना स्वतःच्या पद्धतीबद्दल कधी शंका नव्हती. मला मात्र त्या खोक्यांची लाज वाटायची. पुण्याहून कुणी पाहुणे आले की मी ती टेबलाखाली सरकवायचो.

संगणक मीच आणवला. महिनाभर शेठच्या मागं लागून, पुण्याच्या एका माणसाकडून फोनच्या मोहिमेचा प्रोग्राम बनवून घेतला. नाव, गाव, तालुका, फोन असे चार रकाने. हवा तो तालुका मागा, यादी समोर येते, आणि कळ दाबली की यंत्र स्वतःच नंबर फिरवतं. सोबत एक स्पीकरचा फोन, म्हणजे बोलणं सगळ्या खोलीला ऐकू येतं. शेठ इतके खूश झाले की त्यांनी शेजारच्या कारखान्यातले दोघे चहाला बोलावून दाखवलं.

पीपी त्या पुण्याच्या माणसाच्या मागं उभे राहून पडद्याकडं बघत होते.

"पीपी कुठं लिहायचं?"

"काका, फोनच्या रकान्यात फक्त आकडे बसतात."

"मग फोन कोण उचलतं ते?"

"त्याची गरज नाही."

"केव्हा करायचा ते?"

"ऑफिसच्या वेळेत, केव्हाही."

"बरं," पीपी म्हणाले, आणि त्यांनी तीन आठवडे बसून सगळी कार्डं त्या चार रकान्यांत भरली. एका बोटानं. एकही चूक न करता. कार्डं मात्र खोक्यांतच ठेवली आणि खोकी माझ्या टेबलाखाली. "असू द्या साहेब. खायला मागत नाहीत."

दिवाळी होऊन काही दिवस झाले होते. पीपी श्रीरामपूरच्या प्रदर्शनाला दोन दिवस गेले होते. मी मोहिमेसाठी याद्या काढायला बसलो, तर पडद्यावर प्रश्न आला: एकच नंबर असलेल्या दुबार नोंदी आहेत, काढून टाकू का? मी विचार केला नाही. हो म्हटलं. यंत्रानं प्रत्येक नंबराला एक नाव ठेवलं आणि बाकीची उडवली. मग ठेवलेल्या आणि उडवलेल्या अशा सगळ्या नावांचा, नंबरवार कागद छापून दिला. हा लांबलचक.

तो कागद हातात घेतल्यावर पाचव्या ओळीला मला कळलं की मी काय केलं. ती दुबार नावं नव्हती. ते प्रेमाचे आणि रागाचे पीपी होते, सगळ्या जिल्ह्यातले. एका दुकानाच्या फोनवर तीन घरं, एका डेअरीच्या फोनवर पाच. सगळ्यांत मोठी रांग पाथर्डीच्या पलीकडच्या एका वस्तीची होती. एक किराणा दुकान, एक नंबर, अकरा बायका.

मी तो कागद फाडायला हवा होता, किंवा घेऊन शेठकडं जायला हवं होतं. दोन्हीपैकी काही करायच्या आत शेठच आत आले.

"काय निघालं यंत्रातून?" त्यांनी कागद घेतला. वाचता वाचता बोट थांबलं. "अकरा नावं, एक नंबर. हे काय आहे?"

मी म्हणालो, "बघावं लागेल."

"कूपनं काढा त्यांची."

कूपनं काढली. अकराही एकाच अक्षरात. त्या बायकांना लिहिता येत नव्हतं किंवा लिहायला संकोच वाटत होता. पीपींनी तंबूत मांडी घालून एकेकीला विचारून ती भरली होती, मी तिथं होतो.

"हे कुणाचं अक्षर?"

"पीपींचं."

खोटं नव्हतं. त्या दिवशी मी एकही वाक्य खोटं बोललो नाही, आणि हेच मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो.

शेठ वाईट माणूस नव्हते. त्यांनी शहानिशा करायची ठरवली. समोरच स्पीकरचा फोन होता. तो नंबर त्यांनी स्वतः लावला. म्हाताऱ्या बाईचा आवाज आला. दुकान तिचंच.

"हालो? बोला की."

शेठनी पहिलं नाव वाचलं. "ह्या आहेत का?"

"न्हाईत."

दुसरं नाव.

"न्हाईत वो."

तिसरं. चौथं. पाचव्याला बाई वैतागली. "न्हाईत म्हन्ते ना! कुनीच न्हाई हितं. समदी गे..."

शेठनी बटण दाबलं. फोन बंद झाला.

"ऐकलंत? कुणीच नाही तिथं. सगळी नावं बनावट. प्रदर्शनात माणसं आली नाहीत, तर बसून आपल्याच वस्तीतली नावं रचली. ह्यांचं ह्यांच्यातच चालतं सगळं."

बाईचं वाक्य अर्धं तुटलं होतं. उरलेलं मला ठाऊक होतं. समदी गेल्यात तोडीला. दसरा झाला की ती सगळी वस्ती बैलगाड्या, पोरंबाळं घेऊन साखर कारखान्यांच्या रानांत ऊसतोडीला जाते आणि एप्रिलात, चौदा तारखेच्या जयंतीला गावी परतते. मला हे अंदाजानं ठाऊक नव्हतं. मी वाचलं होतं. माझ्या पायांपाशी, टेबलाखालच्या खोक्यात अकरा कार्डं होती, आणि प्रत्येकाच्या कोपऱ्यात लिहिलं होतं: 'जय भीम. दुकानातल्या आजी. सात मिनिटं. दसरा ते जयंती फोन नाही.'

वाकलो असतो तर हाताला लागली असती. पण मग पुढचा प्रश्न आला असता, की हे माहीत असून नावं उडवली कुणी, आणि महिनाभर ज्या यंत्राची तुम्ही वकिली केलीत त्याला हे कसं कळत नाही. मी वाकलो नाही. दुसराही एक प्रश्न मी नंतर स्वतःला विचारला आहे: ती वस्ती दुसऱ्या कुणाची असती, माणूस दुसऱ्या कुठल्या घरातला असता, तर शेठना इतक्या लवकर खात्री पटली असती का? आणि मी इतक्या सहज गप्प बसलो असतो का? त्याचं उत्तर मला माहीत आहे.

पीपी श्रीरामपूरहून परतले तेव्हा पत्र टाईप होऊन तयार होतं. संबंधित दुकानात दूरध्वनीवर चौकशी केली असता अकरा बनावट नावे भरल्याचे आढळून आल्याने. खाली माझी सही, कारण खातं माझं.

त्यांनी पत्र उभ्याउभ्या वाचलं. चपला दाराबाहेरच होत्या.

"शेठ, कार्ड काढा ना. त्यावर लिहिलंय."

"कार्डावरही अक्षर तुमचंच असणार."

"माझंच आहे." ते माझ्याकडं वळले. "साहेब, तुम्ही होता ना फोन लावला तेव्हा? बाई काय म्हणाली?"

"न्हाईत म्हणाली," मी म्हणालो.

त्यांचा चेहरा उजळला. सगळं सुटलं असं त्यांना वाटलं. "बघा शेठ! न्हाईत म्हणाली. न्हाईत म्हणजे आत्ता इथं न्हाईत. असं माणूसच नसतं तर ती 'कोन?' म्हणाली असती. विचारा साहेबांना, 'कोन' म्हणाली का?"

"पुरे," शेठ म्हणाले.

पीपी अजून माझ्याकडं बघत होते. म्हाताऱ्या दुकानदारणीच्या एका शब्दावर त्यांनी सगळं लावलं होतं, आणि ते बरोबर होतं. मला फक्त 'नाही, कोण असं नाही म्हणाली' एवढं बोलायचं होतं. मी पंख्याकडं पाहिलं. त्यांनी पत्राची घडी केली, बाहेर जाऊन चपला घातल्या, आणि दारातून म्हणाले, "खोकी टाकू नका हं. एप्रिलात लागतील."

एप्रिल आला आणि गेला. मी खोकी टाकली नाहीत, उघडलीही नाहीत. मे महिन्यात दोन बायका ऑफिसच्या पायरीवर येऊन बसल्या. तोंडं उन्हानं रापलेली, हातांवर उसाच्या पाचटाचे ओरखडे.

"त्ये फोनवाले भाऊ हायेत का?"

"इथं नसतात आता."

"जयंती झाली की फोन करतो म्हनले हुते. आमी रोज दुकानाम्होरं जाऊन बसायचो. आजी म्हनायची, न्हाई आला." तिनं दुसरीकडं पाहिलं. "लई दिस झाले, म्हनलं आजारी-बिजारी पडले का काय. म्हनून आलो."

"आजारी नाहीत."

"मंग कुठं गेले?"

"माहीत नाही," मी म्हणालो. हे मात्र धडधडीत खोटं होतं. सुप्याच्या एका कारखान्यात ते ऑफिसच्या जागेसाठी गेले होते आणि तिथून मला चौकशीचा फोन येऊन गेला होता. माणूस कामाला चांगला आहे, असं मी सांगितलं. त्या पत्राबद्दल विचारलं तेव्हा म्हणालो, पत्रात आहे ते आहे. त्यांना ऑफिसात घेतलं नाही. गेटवर घेतलं.

त्या बायकांना मी गिरणी चालवून दाखवली. पाऊस सुरू व्हायच्या आत त्या वस्तीवर चार गिरण्या गेल्या. शेठना मी कधी सांगितलं नाही की त्या कुठल्या वस्तीवर गेल्या. त्यांनीही विचारलं नाही.

त्यानंतर दोन वर्षांनी मी सुप्याला गेलो. कामासाठी नव्हे. एसटीत बसून, नगर सोडल्यापासून मनात एकच वाक्य घोळवत. ते वाक्य मी चांगलं तयार केलं होतं. लांब नव्हतं आणि त्यात 'परंतु' नव्हतं.

ते गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर भेटले. अंगावर खाकी, बाह्या दुमडलेल्या. मला पाहून उठले, माझ्या हातात चहा दिला, टपरीवाल्याला सांगितलं, "आमचे साहेब." मुलांची चौकशी केली. घरी फोन आला का विचारलं. मी म्हणालो आला. "वा! पीपी म्हणून किती जणांना दिलात?" मी म्हणालो दोघांना. "दोघांनाच? मन मोठं करा." हसले.

मी कप खाली ठेवला आणि तोंड उघडलं. तेवढ्यात त्यांनीच विचारलं, "साहेब, त्या अकरा जणींचं काय झालं हो?"

"चौघींनी घेतल्या गिरण्या."

मग त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. टपरीवाल्याकडं, गेटवरच्या दुसऱ्या माणसाकडं पाहत म्हणाले, "ऐकलं का? चौघींनी!" आणि मला म्हणाले, "मला माहीत होतं. त्या दिवशी तुम्हाला बोलता आलं नाही, नोकरी होती तुमची, मी काय समजत नाही का? पण मी घरी म्हणालो होतो, साहेब नंतर तरी कार्ड काढतील, आणि जयंती झाली की फोन करतील. केलात ना?"

त्यांचे डोळे भरलेले होते. माझा हात त्यांच्या हातात होता.

"केला," मी म्हणालो.

"उपकार झाले," ते म्हणाले. मग भोंगा झाला आणि ते गेटवर गेले.

त्यांचे उपकार घेऊन मी नगरला परत आलो. पुन्हा गेलो नाही. गेल्या वर्षी त्यांच्या जाण्याची बातमी कळली. नगरपासून सुप्यापर्यंत घोळवलेलं ते वाक्य तसंच राहिलं आहे, ते आता इथं लिहितो: ती आजी 'कोन' म्हणाली नव्हती, ती 'समदी गेल्यात' म्हणत होती, कार्ड माझ्या पायांपाशी होतं, मला सगळं माहीत होतं आणि मी गप्प बसलो, मला माफ करा.